ब्रश खिशातच राहिला

रविवारी संध्याकाळी उज्ज्वल रामटेके घरी आला की क्षमा त्याला आधी शर्ट काढून खिडकीपाशी उभा करायची. खांद्यावर, दंडावर, बरगड्यांवर जांभळे-काळे डाग. एखाद्या डागात तर बॉलची शिवणसुद्धा उमटलेली दिसायची.

"अहो, तुम्ही नेमके जाता कुठे? कुणी धरून मारतं का तुम्हाला?"

"मारत नाहीत गं. लागतं."

"एकच झालं!"

एकच नाही झालं. लागणं वेगळं आणि मारणं वेगळं, आणि हा सगळा किस्सा त्या फरकापायीच झाला. पण ते क्षमाला तेव्हा कसं कळणार? ती बिचारी आयोडेक्स चोळायची आणि बडबडायची.

रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात उज्ज्वल सोमवार ते शुक्रवार दरवाजे तपासायचा. दरवाजा नीट लागतो का, फट राहते का, एवढंच. आणि शनिवार-रविवारी तो बेसबॉलचा अंपायर. जर्मनीत, बेसबॉलचा, आणि तोही भंडाऱ्याचा माणूस! हसा, हसून घ्या. इथल्या मराठी मंडळातही सगळे असेच फिदीफिदी हसले होते. क्रिकेटचा अंपायर कसा, डोक्यावर टोपी घालून सावलीसारखा उभा, खिशातले खडे मोजतोय. बेसबॉलचा अंपायर तोफेच्या तोंडी उभा असतो. बॅटवाल्याच्या मागे कॅचर बसलेला, म्हणजे आपला विकेटकीपर समजा. आणि त्याच्या खांद्यावर जवळजवळ हनुवटी टेकवून अंपायर. समोरून बॉल येतो तो मोटरवेवरच्या गाडीच्या वेगानं. मध्ये आहे काय? कॅचरचा चामडी पंजा. तो पंजा चुकला की बॉल अंपायरच्या गळ्यात. त्या कॅचरच्या हातावर अंपायरचा जीव असतो, उगाच वाढवून सांगत नाही मी.

म्हणून त्या दोघांत एक रीत आहे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. बॉल बॅटला चाटून कॅचरच्या तोंडावर आदळला, तर तो गडी कळवळतो, पण खेळ थांबवा म्हणत नाही, त्यात कमीपणा. मग अंपायर हात वर करून 'टाइम' म्हणतो, खिशातून छोटा ब्रश काढतो, पुढे जातो आणि वाकून जमिनीतली होम प्लेट, ती पांढरी रबरी पाटी, झाडायला लागतो. पाटी आरशासारखी स्वच्छ असली तरी झाडतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात, सावकाश, देव्हारा पुसावा तसा. तोवर कॅचरचा श्वास जागेवर येतो. आणि अंपायरला लागलं, की कॅचर उठतो, चालत बॉल टाकणाऱ्याकडे जातो, तिथे 'संध्याकाळी जेवायला काय' असल्या गप्पा मारतो, अंपायर सावरेपर्यंत. कुणी कुणाचे आभार मानत नाही. उज्ज्वलला या खेळात सगळ्यात जास्त आवडलं असेल तर हेच.

पंचाचं रक्त त्याच्या अंगात बापाकडून आलेलं. दादाराव रामटेके शाळामास्तर आणि कबड्डीचे पंच. एका वर्षी त्यांनी गावातल्या बड्या घरच्या पोरांच्या संघाविरुद्ध निकाल दिला. निकाल चुकीचा आहे असं कुणीच म्हणालं नाही. "तू कोण रे निकाल देणारा?" एवढंच म्हणाले आणि मैदानामागे नेऊन दांड्यांनी बडवलं. डोकं फुटलं, बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी दादाराव डोक्याला पट्टी बांधून पुन्हा मैदानात हजर, तोंडात शिट्टी. नेमका त्याच संघाचा सामना. त्यांना एक गुण कमी दिला नाही की जास्त दिला नाही. लहानगा उज्ज्वल दोरीपाशी बसून हे बघत होता. रात्री आई, अंजनाबाई, जखम धुताना रडत म्हणाली, "अहो, एक तरी गुण कापायचा होता मेल्यांचा!" दादाराव म्हणाले, "मग त्यांच्यात आन् माझ्यात काय रायलं?" त्यांचं हे बोलणं उज्ज्वलनं जर्मनीला येताना सोबतच आणलं असं समजा.

तर बेसबॉल. कारखान्यातला एक मित्र त्याला क्लबात घेऊन गेला. उज्ज्वल कॉलेजात विकेटकीपर होता, म्हणाला जमेल. कसलं जमतंय! पण इथे प्रत्येक क्लबला आपल्यातले थोडे अंपायर द्यावे लागतात, आणि शिव्या खायला राजी कोण होणार? मग क्लबानं नवा इंडियन धरला. हा बिचारा नाही म्हणणार नाही असा त्यांचा हिशेब. शिकवायला होता हेर, म्हणजे मिस्टर, ब्रुनर, पेशानं खाटीक, फावड्याएवढे हात आणि आवाज त्याहून मोठा.

पहिल्याच सामन्यात उज्ज्वलनं जी चूक केली ती आपल्याकडचाच माणूस करू जाणे. खेड्यातलं मैदान. पळणारा घसरत आला, राखणाऱ्यानं त्याला बॉल टेकवला, धुरळा उडाला. आउट होता, उज्ज्वलला ढळढळीत दिसलं. सगळे त्याच्याकडे बघतायत, आणि हा सगळ्यांकडे बघतोय. का? तर कुणी अपील करेना! क्रिकेटमध्ये कुणी 'हाउज दॅट' ओरडल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही; हा तेच धरून बसलेला. तेवढ्यात पळणारा म्हणाला मी सुटलो, राखणारा म्हणाला गेलास, एकानं ढकललं, दुसऱ्यानं बुक्की हाणली, आणि राखणाऱ्याचे पुढचे दात वाळूत पडले. मग काय, दोन्ही बाजू धावल्या आणि तुंबळ जुंपली. ब्रुनरनं मधे घुसून एकेकाला बोकडासारखं बाजूला फेकलं, आणि मग उज्ज्वलची कॉलर धरली.

"आल्झो, हे बघ, इथे तुला कुणी विचारणार नाही. तू पाहिलंस ना? मग तू बोलायचं. ताबडतोब. तू गप्प राहिलास की लोकांचे हात बोलतात."

त्या वाळूतल्या दातांनी उज्ज्वलला जन्माचं शिकवलं. तो वर चढत गेला तो त्याच गुणावर. दिसलं की बोललं. गावच्या लीगमधून प्रादेशिक, तिथून बुंडेसलीगा, म्हणजे देशातली सगळ्यात वरची. अंगावर काय काय झेललं म्हणून सांगू! गळ्याजवळचं हाड मोडलं. पायाच्या अंगठ्याचं नख तर दर उन्हाळ्यात जायचंच. बिअरचे ग्लास पाठीवर फुटले. स्टुटगार्टजवळच्या एका सामन्यानंतर हरलेल्या संघाचे चार पिसाळलेले प्रेक्षक त्याला एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनवर भेटले. "हाच तो इंडर," म्हणजे इंडियन, असं म्हणाले आणि खांबावर डोकं आपटलं. लोक बघत राहिले, गाडी आली, दारं उघडली, बंद झाली. डोक्याचा तो पहिला मार. दुसरा मार मैदानात, सटकलेल्या बॅटचा. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आता तिसरा मार बसला तर हा धंदा बंद. क्षमानं त्यावर आपली पुरवणी जोडली, "तिसऱ्यांदा डोक्याला लागलं, की तो मास्क मी डोनाउ नदीत फेकते. मग मला विचारायला येऊ नका."

आणि नेमकं त्याच वर्षी त्याला अंतिम सामना मिळाला. प्लेटमागची जागा, सगळ्या देशातून एकाच माणसाला मिळते ती.

आयझेनफेल्डचा संघ एका बाजूला. त्यांचा कॅचर टिल हागेडोर्न. पेशानं छपरं घालणारा, कौलं खांद्यावर टाकून शिडी चढणारा दांडगा माणूस, आणि जिभेनं त्याहून दांडगा. जून महिन्यात तो उज्ज्वलच्या तोंडावर धूळ उडवून शिव्या देत होता, तेव्हा उज्ज्वलनं त्याला बाहेर काढलं होतं. बाहेर काढायची एक खूण असते: एक हात पूर्ण लांब करून दरवाजाकडे, आणि आरोळी, "राउस!" म्हणजे चालता हो. तेव्हा टिलनं मास्क भिरकावला होता, कुंपणाला लाथा घातल्या होत्या, आणि जाता जाता म्हणाला होता, "बघून घेईन."

बघून घेतलंच त्यानं. सामना ऐन रंगात आलेला. क्षमा आणि विद्यापीठात शिकणारी त्यांची मुलगी ऊर्जा वर प्रेक्षकांत बसलेल्या. बॉल आला तो उंच, सरळ. टिलचा पंजा मात्र खाली गुडघ्यापाशी होता, आणि तिथेच राहिला. हललासुद्धा नाही. मान तेवढी त्यानं अलगद बाजूला केली. बॉल धाडकन उज्ज्वलच्या मास्कवर, जबड्यावर आदळला.

कानात घंटा वाजायला लागल्या. जीभ चावली गेली, तोंड रक्तानं भरलं. तरी त्या घणघणाटात तो वाट बघत होता: आता टिल उठेल, बॉल टाकणाऱ्याकडे चालत जाईल. चुकून झालं असेल तर जाईलच. वैऱ्यासाठीसुद्धा जातात.

टिल उठला नाही. पंजा नीट केला, थुंकला, आणि मागे न बघता म्हणाला, "वाइटर." म्हणजे, चला पुढे.

तेव्हा उज्ज्वलला कळलं. लागलं नव्हतं, मारलं होतं.

दुसरा अंपायर धावत आला. "अलेस गुट?" सगळं ठीक ना? उज्ज्वलनं रक्त गिळलं. खरं सांगितलं तर तिसरा मार, मग मैदान सुटलं, अंतिम सामना सुटला, सगळंच सुटलं. "गुट," तो म्हणाला, आणि वर बसलेल्या क्षमाला अंगठा दाखवला.

आता त्याच्या मनात भंडाऱ्याची बोली उसळली. थांब बे, दाखवतोच तुले! हातात काय कमी होतं त्याच्या? बॉल चांगला की वाईट, तो म्हणेल ते खरं. दोन निकाल इकडचे तिकडे केले असते तर टिलचा संघ आडवा झाला असता. पण नाही, एकाही बॉलच्या निकालाला त्यानं हात लावला नाही, केसभरही नाही. तेवढा बाप अंगात होता. त्याचा त्याला मनातून गर्वही वाटत होता. आणि माणूस एका दारावर पहारा देत बसला की दुसरं उघडं राहतं, त्याचं भान सुटतं.

शेवटचा डाव. धावा सारख्या. समोरच्या संघाचे गडी तिन्ही बेसवर, म्हणजे पळायच्या तिन्ही टप्प्यांवर उभे; सगळे एक बेस सरकले की तिसरा घरात, पाटीवर, आणि आयझेनफेल्ड हरलं. सगळं मैदान उभं राहून बोंबलत होतं. बॉल बॅटला चाटला आणि थेट टिलच्या तोंडावर गेला. मान मागे फेकली गेली. टिल हातावर पडला, कुत्र्यासारखा चार पायांवर, मास्कच्या जाळीतून लाळ गळतेय, श्वास घेताना हुंदक्यासारखा आवाज येतोय. बाकावरून त्याच्या कोचनं हाक मारली. टिलनं कसाबसा अंगठा वर केला.

उज्ज्वलचा हात सवयीनं खिशात गेला. बोटांना ब्रशचे केस लागले. मूठ वळली.

आणि तो हात रिकामा बाहेर आला.

त्यानं बॉल टाकणाऱ्याकडे नवा बॉल फेकला आणि मोठ्यानं म्हणाला, "वाइटर!"

टिलनं मान वळवून एकदा बघितलं. जाळीतून डोळे फिरलेले दिसत होते. मग तो बसला, डुलत होता, आणि पुढे बसला, फार पुढे, जवळजवळ बॅटखाली. उज्ज्वलला दिसलं. मागे सरक, दोन शब्द. दिसलं की बोलायचं, एवढ्या एका गुणावर जन्म काढलेला माणूस दातांवर दात ठेवून उभा राहिला.

बॉल आला. बॅटवाल्यानं सगळ्या ताकदीनं बॅट फिरवली. ती बॉलला लागण्याआधी टिलच्या पुढे आलेल्या हाताला लागली, पंज्याच्या वर, मनगट आणि कोपराच्या मधे. मैदानात एवढी बोंब चाललेली, तरी कडाड् असा आवाज सगळ्यांनी ऐकला. जिथे सांधा नसतो तिथे हात वाकला. हाड कातडी फाडून बाहेर आलं, पांढरं, आणि पाटीवर रक्ताचा सडा पडला.

आणि उज्ज्वलचं तोंड ताबडतोब उघडलं! नियमच आहे. कॅचरनं बॅटला अडथळा केला तर बॅटवाल्याला पहिला बेस फुकट, बाकीचे एकेक बेस पुढे. टिल किंचाळत लोळत होता आणि त्याच्या डोक्यावर उभा राहून उज्ज्वलनं हात करून निकाल दिला: कॅचरचा अडथळा, बॅटवाला पहिल्या बेसवर. तिसऱ्या बेसवरचा गडी चालत घरी आला. रक्त चुकवायला त्याला पाय उचलून टाकावा लागला. सामना संपला.

मग जे झालं त्याला काय म्हणायचं! आयझेनफेल्डचे गडी उज्ज्वलवर तुटून पडले. कुणी मास्क ओढून काढला, कुणी बरगडीत गुडघा घातला. कुंपणावरून बाटल्या आल्या. एक हेर ब्रुनरच्या कपाळावर फुटली, म्हातारा रक्तबंबाळ होऊन बैलासारखा मधे उभा. ऊर्जा कुंपण ओलांडून आली, बापाच्या अंगावर आडवी पडली आणि जर्मनमध्ये अशा शिव्या देत होती की पोलीससुद्धा क्षणभर थबकले.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे कौतुक! काय छातीचा अंपायर, एवढ्या गोंधळात नियमाला धरून अचूक निकाल. संघटनेची माणसं घरी येऊन हात मिळवून गेली. उज्ज्वल तोवर बादलीत ओकत होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं: तिसरा मार. संपलं. क्षमानं मास्क उचलला. इथे नदीत काही टाकलं तर पोलीस येतात, म्हणून तळघरात नेऊन आपटला. मंडळातले लोक हळहळले, गड्यानं खेळापायी डोकं दिलं म्हणाले. उज्ज्वलनं कुणाचंच म्हणणं खोडलं नाही. रात्रंदिवस तो कूस बदलत पडायचा, आणि क्षमाला वाटायचं डोकं दुखतंय.

टिलच्या हातावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, पट्ट्या बसवल्या, स्क्रू मारले. पण बोटं मिटेनात. शिडी धरता येत नाही त्याला छपरावर कोण चढवतो?

उज्ज्वलला गाडी चालवायची बंदी, म्हणून टिलला भेटायला ऊर्जा त्याला घेऊन गेली. ही पोरगी लहानपणी दर रविवारी मैदानावर असायची. ब्रश कधी निघतो, आणि त्या दिवशी निघाला नव्हता, ते तिला ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून ती स्टिअरिंगकडे बघत राहिली, आणि जर्मनमध्येच म्हणाली, "पापा, काइनर हाट गेफ्राग्ट." कुणी विचारलेलं नाही तुम्हाला.

"इथे कुणी विचारत नाही बेटा," उज्ज्वल म्हणाला आणि उतरला.

टिल उशीला टेकून बसलेला. डावा हात लोखंडी चौकटीत, बोटं वांग्यासारखी सुजलेली. उज्ज्वलला बघून तो म्हणाला, "तुमच्या डोक्याचं ऐकलं. तो बॉल मी सोडला होता. मुद्दाम."

"मला माहीत आहे."

"माहीत होतं? आणि मला बाहेर काढलं नाहीत?" टिलचे डोळे भरून आले. "मी रोज विचार करतो. मला लागलं तेव्हा तुम्ही ब्रश काढला नाहीत. काढणार कसा, तुम्हाला तरी कुठे शुद्ध होती! माझ्यामुळेच नव्हती. मग माझा हात गेला. मी पेरलं, मीच कापलं. आपण फिटलो, हेर रामटेके. बसा ना."

झालं! सुटला होता उज्ज्वल. खुर्ची समोर होती. बसायचं, त्याचा चांगला हात हातात घ्यायचा, कॉफी प्यायची, घरी यायचं. जन्मभर टिलनं त्याला माफच केलं असतं, वर स्वतःलाच दोष दिला असता.

उज्ज्वलनं खिशातून ब्रश काढून चादरीवर ठेवला.

"मी शुद्धीवर होतो," तो म्हणाला. "हा माझ्या मुठीत होता. तुला श्वास येत नव्हता ते दिसलं. तू फार पुढे बसलास तेही दिसलं. मी बोललो नाही. तुझा हात जावा असं नव्हतं मनात. पण तुला लागावं, असं होतं."

टिलला समजायला वेळ लागला. त्यानं ब्रशकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, मानेच्या शिरा फुगल्या. चांगला हात त्यानं पूर्ण लांब करून दरवाजाकडे केला.

"राउस!"

आरोळी एवढी मोठी की नर्स धावत आली. बाहेर काढलेला खेळाडू काय काय करतो ते उज्ज्वलनं आयुष्यभर पाहिलं होतं: वाद घालतो, धूळ उडवतो, निकाल चुकला म्हणून ओरडतो. उज्ज्वल वळला आणि चालायला लागला. दारात पोचेपर्यंत ब्रश येऊन त्याच्या पाठीवर आदळला आणि फरशीवर घरंगळत गेला. त्यानं तो उचलला नाही.

संध्याकाळी क्षमानं सवयीनं त्याला खिडकीपाशी उभा केला. पाठीवर एक छोटासा लाल वळ होता.

"हे काय? आता कुठे लागलं?"

"लागलं नाही," उज्ज्वल म्हणाला. "मारलं."